दरड कुठवर जाईल?

दरडीच्या धोक्यात दोन प्रश्न असतात: डोंगर कुठे सुटेल, आणि सुटलेला राडारोडा कुठवर जाईल. पहिल्याचे उत्तर भारतात बऱ्यापैकी उपलब्ध आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १:५०,००० प्रमाणावर दरडप्रवणतेचे नकाशे केले आहेत. उतार, खडक, मातीचा थर, जमिनीचा वापर यांवरून त्यांत प्रत्येक पट्ट्याचा दर्जा ठरतो. हे नकाशे असताना लोंढ्याच्या प्रवासाची गणिते हवीत कशाला, असा एक पूर्वपक्ष आहे.

केरळमधील वायनाडची दुर्घटना तो खोडून काढते. ३० जुलै २०२४ रोजी तिथे दरड सुटली ती सुमारे १५५० मीटर उंचीवर. राडारोडा मात्र नदीपात्र धरून सुमारे ८ किलोमीटर खाली गेला, आणि पुंचिरीमट्टम, मुंडक्कै, चूरलमला या वस्त्यांवर आदळला. चूरलमल्याच्या घरांखालची जमीन सरकलीच नव्हती. संकट वरून चालत आले. प्रवणतेचा नकाशा जागेचे दुखणे सांगतो, वाटेचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गणितातले आकडे गृहीत धरलेले असतात, मग त्याचा भरवसा काय? स्विस अभियंता फोएल्मी याने १९५५ मध्ये हिमलोटांसाठी मांडलेले सूत्र आज राडारोड्यालाही लावतात. त्यात विरोधाचे दोन भाग आहेत: एक वजनाच्या प्रमाणात वाढणारे घर्षण, दुसरा वेगाच्या वर्गाबरोबर वाढणारा. दोन्हींचे गुणांक सहसा जुन्या घटनेवरून उलटे काढले जातात. म्हणजे लोंढा जिथे थांबला तिथे गणितातही थांबावा, असे ते जुळवले जातात. एका खोऱ्यात जुळलेले आकडे शेजारच्या खोऱ्यात फसू शकतात. वाटेत लोंढा काठची माती, दगड, झाडे उचलून फुगतो, तो हिशेब आणखी अवघड. शिवाय उंचीचा नकाशा ३० मीटरच्या चौकटींचा असेल, तर दहा मीटर रुंदीचा ओहोळ त्यात दिसणारच नाही, आणि लोंढा नेमका ओहोळाने उतरतो.

हे सारे मान्य. पण यातून सिद्ध होते ते एवढेच, की नकाशावर एक ठाम रेघ मारणे चूक आहे. सुटणाऱ्या मालाचे आकारमान आणि घर्षणाचे गुणांक बदलत तेच गणित अनेकदा चालवले, की कोणती वस्ती जवळजवळ प्रत्येक वेळी सापडते आणि कोणती क्वचितच, हे दिसते. स्थलांतराचा क्रम लावायला तेवढे पुष्कळ झाले. गणित न करणाऱ्याचेही एक गृहीतक असतेच: लोंढा पायथ्याशी थांबेल. ते मात्र कोणी तपासत नाही.

तिसरा आक्षेप कोलंबियातील आर्मेरोचा दाखला देतो. नेवाडो देल रुईझ ज्वालामुखीचा धोकानकाशा ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार होता, त्यात आर्मेरो चिखललोंढ्याच्या पट्ट्यात दाखवले होते. तरी १३ नोव्हेंबरच्या रात्री तिथे वीस हजारांहून अधिक माणसे गेली. नकाशाचा उपयोग काय झाला? हा दाखला उलट बाजूचा साक्षीदार आहे. जुन्या लोंढ्यांच्या खुणांवरून काढलेला अंदाज खरा ठरला. उद्रेकानंतर चिखल गावात पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, तेवढ्यात उंचवट्यावर जाता आले असते. फसली ती आदेशाची साखळी.

महाराष्ट्रात दरडप्रवण गावांची यादी असते. जुलै २०२३ मध्ये गाडली गेलेली इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती. यादी गावांच्या नावांनी बनते; प्रसाराचे गणित कड्यापासून सुरू होऊन उतारावरच्या प्रत्येक घरापर्यंत येते, मग त्या घराचे नाव यादीत असो वा नसो.