फ्लॅट रिकामा आहे, पण तुमच्यासाठी नाही

पुण्यात फ्लॅट रिकामा आहे की नाही, हे बऱ्याचदा नाव सांगितल्यावर ठरतं. फोनवर आधी सगळं छान चालतं. कंपनी कुठली, किती जण राहणार, गाडी आहे का. आयटीतली नोकरी म्हटल्यावर एजंटचा आवाजही मऊ होतो. मग तो नाव विचारतो. नाव ऐकून दोन सेकंद गप्प होतो आणि म्हणतो, "ओनरना विचारून कळवतो." ज्यांनी हे अनुभवलंय, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

मी बाणेर, वाकड, पिंपळे सौदागर या पट्ट्यात घर शोधत होतो तेव्हा कुणी एकदाही उद्धट बोललं नाही. सगळे सभ्य. कुणाचा भाऊ अचानक अमेरिकेतून परत येणार होता, कुणी कालच फ्लॅट विकायला काढला होता. सगळ्यात जास्त ऐकलेलं कारण मात्र एकच: "मला काही प्रॉब्लेम नाही हो, सोसायटीत चालत नाही."

हे कारण नीट तपासायला हवं, कारण त्यात सगळ्यांची सोय आहे. मालक चांगला राहतो, एजंट निरपराध राहतो आणि दोष कमिटी नावाच्या अदृश्य माणसाकडे जातो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सोसायटीला कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, एवढंच. ना-वापर शुल्क घेता येतं, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. म्हणजे "चालत नाही" हा बहुतेक वेळा नियम नसतो, गेटवरची कुजबुज असते.

पण फक्त कमिटीला दोष देऊन भागत नाही, कारण कायद्यातच भोक आहे. संविधानाचं कलम 15 भेदभावाला मनाई करतं, ती मुख्यतः राज्यसंस्थेला. त्याच कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या घराचा नाही. 2005 मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पारशांपुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध ठरवला. एखाद्या मालकाने तोंडावर सांगितलं, "मुसलमानांना देत नाही," तरी त्याच्यावर थेट कारवाई करता येईल असा सरळ कायदा आज आपल्याकडे नाही.

"तुम्हाला उगाच वाटतं," असं ऑफिसातले मित्र म्हणतात. वाईट हेतूने नाही. त्यांना मी आमच्या कामातलीच गोष्ट सांगतो: बाकी सगळे इनपुट तसेच ठेवून एकच बदलला आणि आउटपुट बदललं, तर बग कुठे आहे ते कळतं. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत साधारण हेच केलं. घर शोधणारे सारखेच, फरक नावांतून कळणाऱ्या जातिधर्माचा. 2015 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त ते निष्कर्ष आले. उच्चजातीय हिंदूंना अडचण नाही, दलितांना बरीच, मुसलमानांना सर्वांत जास्त. त्याआधी 2006 च्या सच्चर अहवालानेही मिश्र वस्तीत मुसलमानांना घर मिळणं अवघड होत असल्याची नोंद केली होती.

मग आपण कोंढव्यात जातो. ऑफिस हिंजवडीत, घर कोंढव्यात. गर्दीच्या वेळी एका बाजूला दीड तास धरा. महिन्याचे बावीस दिवस कामाचे, म्हणजे सहासष्ट तास रस्त्यावर. पगारातून कापला जात नाही असा हा टॅक्स आहे. आणि सगळे एकाच मोहल्ल्यात शोधायला लागले, तर तिथला मालक भाडं कमी का ठेवेल? आमच्या आईवडिलांनी सांगितलं होतं, शिका, चांगली नोकरी धरा, बाकी आपोआप होईल. त्यांनी सांगितलेलं आम्ही केलं.

काही जण शॉर्टकट काढतात: हिंदू सहकाऱ्याच्या नावावर करार आणि राहायचं आपण. हे करू नका. करारावर नाव नसेल तर डिपॉझिटवर हक्क नाही, पत्त्याचा पुरावा नाही आणि पोलिसांना दिलेली भाडेकरूची माहितीही खोटी ठरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ते संरक्षण स्वतःहून का सोडायचं?

आता जरा आपल्या गल्लीत येऊ. मगरपट्ट्यात नोकरी करणारी अविवाहित मुस्लिम मुलगी आपल्याच भागात रूम मागायला गेली, तर तिला काय ऐकावं लागतं? "फक्त फॅमिली." तलाकशुदा बाईला? तिला तर आधी चौकशी, मग नकार. शिवाय "आपली वेगळी टाऊनशिप काढू" ही कल्पना दर ईदला कुणीतरी मांडतंच. मला ती पटत नाही. दुसऱ्याचं कुंपण चुकीचं आणि आपलं बरोबर, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

म्हणून मागणी फक्त मुसलमानांसाठीची नको. 2023 मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारली गेली, तेव्हा सगळे पक्ष खवळले. खवळायलाच हवं होतं. पण तोच नकार दलितांना, एकट्या बायकांना, मांसाहारी मराठी कुटुंबांना आणि आपल्याला रोज मिळतो. अमेरिकेने 1968 मध्ये फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट केला, ब्रिटननेही त्याच वर्षी वंशभेद कायद्यात घरांचा समावेश केला. तिथला भेदभाव संपला नाही, पण नाकारलेल्या माणसाला जायला एक दार तरी आहे. आपल्याकडे सच्चर समितीने सुचवलेला समान संधी आयोग कागदावरच राहिला.

तोवर दोन गोष्टी करता येतात. "सोसायटीत चालत नाही" असं कुणी म्हटलं, तर तो ठराव कुठे आहे ते विचारा, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर, लेखी. तारीख आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. आणि निवडणुकीत उमेदवार मोहल्ल्यात येतील तेव्हा कब्रस्तानाची भिंत आणि गटारीसोबत हेही विचारा: घर भाड्याने देताना धर्म, जात, आहार किंवा एकटेपणावरून नकार देणं बेकायदा ठरवणाऱ्या कायद्याला तुमचा पाठिंबा आहे का?