श्रद्धेला सक्ती मानवत नाही

मार्गशीर्ष हा महिना आपल्या घराघरांत मंगल पावलांनी येतो. गुरुवारी लक्ष्मीचा घट मांडला जातो, कहाणी वाचली जाते, सुवासिनींच्या हाती फळ दिले जाते. पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा हलतो. मुरबाड तालुक्यातील गावांना त्याच सुमारास म्हशाच्या यात्रेचे वेध लागतात. पौष पौर्णिमेला म्हसोबाच्या दर्शनासाठी आणि गुरांच्या बाजारासाठी तेथे माणसांचा पूर लोटतो. आणि याच दिवसांत शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या पाड्यावर, कुडाच्या घराच्या दारात, कागदाची चांदणी टांगलेली दिसते. आत थोडी माणसे जमून नाताळची प्रार्थना करीत असतात. कधी कधी दत्तजन्म आणि ख्रिस्तजन्म यांत दोनचार दिवसांचेच अंतर असते. २०२३ साली तर ते एकाच दिवसाचे होते.

त्या चांदणीकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे? सणाच्या पानावर हा प्रश्न कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्याच्या घरात देव्हारा आहे, ज्याला सायंकाळच्या दिव्याचे मोल ठाऊक आहे, त्यालाच शेजाऱ्याच्या दिव्याविषयी विचारणे योग्य, असे आम्हांस वाटते. शिवाय या प्रश्नाभोवती अलीकडे संशय आणि अफवा यांचे इतके धुके साचले आहे की, मूळ वस्तू काय आहे हे पाहणे अगत्याचे झाले आहे.

ख्रिस्ती धर्मात अनेक पंथ आहेत. वसई, उत्तनच्या बाजूचा जुना ख्रिस्ती समाज आपल्या परिचयाचा आहे. तो बहुतांशी रोमन कॅथलिक आहे. बाप्टिस्ट हा त्याहून निराळा, प्रॉटेस्टंट परंपरेतील पंथ. त्याचा उगम १६०९ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये, इंग्लंडमधून परागंदा झालेल्या एका लहानशा समूहात झाला. जॉन स्मिथ हा त्यांचा पुढारी होता. आईबापांच्या धर्मावरून तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देऊ नये. ज्याला समज आली आहे आणि ज्याने स्वतः विश्वास धरला आहे, त्यालाच तो द्यावा, हे या पंथाचे पहिले सूत्र. पुढे पाण्यात संपूर्ण बुडवून बाप्तिस्मा देण्याची रीत त्यांच्यात रूढ झाली. पवित्र शास्त्र हाच त्यांचा अंतिम आधार. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच विधी ते मुख्य मानतात. त्यांच्यावर कोणी बिशप नसतो. प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते आणि आपला पाळक आपणच निवडते. भारतात नागालँडमधील बहुसंख्य लोक याच पंथाचे आहेत.

या पंथाचे दुसरे सूत्र आपल्याला अधिक जवळचे वाटावे. माणसाच्या अंतःकरणावर राजसत्तेची हुकमत चालत नाही, असे या लोकांनी अगदी आरंभापासून सांगितले. थॉमस हेल्विस हा त्यांच्यातील एक प्रमुख पुरुष. १६१२ साली त्याने ग्रंथ लिहिला आणि राजा पहिला जेम्स याला उद्देशून निर्भयपणे बजावले की, राजा हा मर्त्य मनुष्य असल्याने प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता नाही. हे स्वातंत्र्य त्याने केवळ आपल्या पंथापुरते मागितले नाही. मुसलमानांना, यहुद्यांना आणि पाखंडी म्हणून हिणवल्या जाणाऱ्यांनाही ते असावे, असे त्याचे म्हणणे होते. त्याबद्दल त्याला तुरुंगवास भोगावा लागला. पुढे अमेरिकेत रॉजर विल्यम्सने १६३६ साली प्रॉव्हिडन्स ही वसाहत याच तत्त्वावर उभारली, आणि त्या देशातील पहिली बाप्टिस्ट मंडळीही तेथेच स्थापन झाली.

महाराष्ट्राचा या पंथाशी आलेला संबंध दोन शतकांहून जुना आहे. विल्यम केरी हा इंग्रज चांभार १७९३ साली धर्मप्रचारक होऊन बंगालात उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला हे लोक आपल्या मुलखात नको होते. म्हणून १८०० साली डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूर येथे या मंडळींनी बस्तान बसविले व छापखाना काढला. त्या छापखान्यातून केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली बाहेर पडला. वैजनाथ पंडित यांचे साहाय्य त्याला लाभले होते. आपल्या मुद्रित मराठी ग्रंथांच्या अगदी पहिल्या पिढीत ही पुस्तके बसतात. याच श्रीरामपुराहून १८०६ ते १८१० या काळात वाल्मीकि रामायणाचे मूळ संस्कृतासह इंग्रजी भाषांतर तीन खंडांत प्रसिद्ध झाले, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. सतीची चाल बंद व्हावी म्हणूनही केरीने दीर्घकाळ प्रयत्न केले. १८२९ साली तसा कायदा झाला तेव्हा त्याचे बंगालीत भाषांतर त्यानेच केले.

ही एक बाजू झाली. दुसरी लपविण्याचे कारण नाही. केरीचाच सहकारी विल्यम वॉर्ड याने हिंदूंच्या आचारविचारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात आपल्या उपासनेविषयी अत्यंत अनुदार मते मांडली. त्या शतकातील पुष्कळ मिशनऱ्यांची वाणी अशीच कडवट होती. आपल्या देवतांची निंदा ऐकून आपल्या पूर्वजांची मने पोळली आणि त्याचा डाग अद्याप पुरता गेलेला नाही. परंतु त्या पूर्वजांनी उत्तर कसे दिले, हेही स्मरणात ठेवले पाहिजे. १८५७ सालच्या आरंभी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद केले. लोकांचे थवे ते ऐकावयास जमत. प्रश्नाला प्रश्न आणि प्रमाणाला प्रमाण, अशी ती लढाई होती. बुवांनी काठी उचलली नाही. त्यांना तिची गरजही भासली नाही. आपल्या धर्मावर ज्याची निष्ठा पक्की असते, त्याला दुसऱ्याच्या प्रार्थनेचे भय वाटत नाही.

याच विषयातील आणखी एक उदाहरण मराठी घरांना परिचित आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते बाप्टिस्ट नव्हते; अमेरिकन मराठी मिशनशी त्यांचा संबंध होता. पतीच्या त्या निर्णयाने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यांनी पतीचा धर्म लगेच स्वीकारला नाही. काही वर्षे विरहाची गेली; नंतर एकत्र राहूनही त्या आपले सोवळे सांभाळीत राहिल्या; आणि सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने कौल दिल्यावरच, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ आपल्या घरांत आवडीने वाचले जाते, त्याचे एक कारण हेच असावे. तेथे पतीची सक्ती नाही, मिशनची घाई नाही. एका मानी स्त्रीचे मन स्वतःच्या गतीने चालताना दिसते. तिच्या निष्कर्षाशी आपण सहमत असण्याचे कारण नाही. तिचा अधिकार मात्र कोण नाकारील?

आपल्या राज्यघटनेने हाच अधिकार पंचविसाव्या अनुच्छेदात नोंदविला आहे. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादाही त्याला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे. कारण सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य त्या दुसऱ्यालाही आहे.

या निकालाचा आशय आणि बाप्टिस्टांचे मूळ सूत्र यांत आम्हांस विरोध दिसत नाही. स्वतःच्या समजेने धरलेला विश्वास तेवढाच खरा, असे ज्याचे शास्त्र सांगते, त्याने औषधाच्या बाटलीबरोबर, शाळेच्या फीबरोबर किंवा धान्याच्या पोत्याबरोबर धर्म देऊ केला, तर तो प्रथम आपल्याच धर्माशी प्रतारणा करतो. आणि भक्ताची श्रद्धा ज्या रूपावर जडते तेथेच ती दृढ करणारा भगवंत आपण गीतेत मानतो; मग आपल्यापैकी कोणी प्रार्थनेला बसलेल्या कुटुंबाच्या दारावर लाथ मारली, तर तोही आपल्याच भगवंताशी प्रतारणा करतो. श्रद्धेला आमिष जसे मानवत नाही, तशी दहशतही मानवत नाही. एक विकत घेऊ पाहते, दुसरी हिसकावू पाहते; दोन्ही सक्तीचीच रूपे.

पाड्यावरचा माणूस आमिषाला भुलतो, असे आपण सहज बोलून जातो. तो भुकेला का, हे विचारण्यास मात्र विसरतो. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईच्या नळांना जाते. त्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दिवाळी सरली की अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा मागे पडते. अशा वेळी जो कोणी दार ठोठावून विचारपूस करतो, तो त्यांना आपला वाटल्यास नवल नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातच, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. त्या सेवेला कोणत्याही धर्माची अट नव्हती. ख्रिस्ती मंडळ्यांनी सेवेला अट जोडू नये, ही अपेक्षा रास्त आहे. आपण सेवाच न करता त्यांच्या सेवेवर रागवावे, हे मात्र रास्त नाही.

आता सुरक्षिततेविषयी. उपासनेसाठी जमलेली माणसे सुखरूप घरी परतली पाहिजेत, याबाबत सर्व धर्मांचे हित एकच आहे. २००३ साली नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक दगावले. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत सुमारे ३०० जीव गेले. अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या, दुकानांची दाटी आणि क्षणात पसरलेली घबराट, एवढे त्यास पुरेसे झाले. यात्रा असो की नाताळची उपासना, येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवणे, विजेच्या उघड्या तारा आणि पेटत्या मेणबत्त्या यांची काळजी घेणे, नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यात विधी करताना पोहणारे जाणते लोक जवळ ठेवणे, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करणे, ही साधी पथ्ये सर्वांनाच लागू आहेत.

दुसरे पथ्य रोग्याविषयीचे. साप चावलेल्याला किंवा तापाने फणफणलेल्या मुलाला भगताच्या अंगाऱ्यावर ठेवणे जितके घातक, तितकेच प्रार्थनेने बरे करण्याच्या आशेवर ठेवणेही घातक. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंश झालेल्यास उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि तो कायदा धर्म पाहत नाही. प्रार्थना जरूर करावी. पण रुग्णालयाच्या वाटेवर करावी.

तिसरे आणि सर्वांत कठीण पथ्य अफवेचे आहे. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि त्यांची दोन लहान मुले गाडीतच जाळून मारली गेली. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, मुले पळविणाऱ्यांच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना ठार मारले. २०१४ पर्यंत हे गाव आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. एका ठिकाणी मिशनरी, दुसऱ्या ठिकाणी भगवी वस्त्रे. माणसे मात्र दोन्हीकडे जमावाच्याच हातून मेली. आज शेजारच्या प्रार्थनेवर जमाव सोडण्याची सवय गावाला लागली, तर उद्या तो जमाव कोणत्या दिंडीसमोर उभा राहील, हे कोणी सांगू शकत नाही. आमिष दाखविल्याची खरी तक्रार असेल, तर पोलीस ठाणे आहे, न्यायालय आहे. उपासनेसाठी शांततेने जमलेल्यांच्या कामात व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, आणि हे कलम आपल्या कीर्तनाचेही तितकेच रक्षण करते.

मुरबाडच्या माथ्यावर नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी तेथील लेण्यात देवतांना वंदन करून नागनिका राणीने यज्ञांची आणि दानांची नोंद कोरविली. त्याच घाटाने बौद्ध भिक्षूही चढले, देशोदेशींचे व्यापारीही उतरले. सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे एक बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. अनेक अभ्यासक ते स्थान आपले कल्याणच मानतात. इतक्या श्रद्धांची पावले या मातीने पाहिली, तरी आपल्या देव्हाऱ्यातील दिवा विझला नाही. तो सक्तीने टिकलेला नाही. पिढ्यानपिढ्यांच्या प्रेमाने टिकला आहे.

म्हणून वाचकांना आमची विनंती एवढीच आहे. यंदा दत्तजयंतीचा प्रसाद वाटताना एक द्रोण चांदणी लावलेल्या घरीही द्यावा. त्या घरातील माणसांनी तो घ्यावा की न घ्यावा, हे त्यांच्या श्रद्धेवर सोडावे, आणि त्यांनी नम्रपणे नाकारला तरी मनात किंतु धरू नये. ज्ञानदेवांनी पसायदान मागितले ते अवघ्या विश्वासाठी; आपल्या गावचा तो पाडा त्या विश्वाबाहेरचा नाही.