‘काळजी करू नको’ म्हणण्याआधी

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका घरी डोहाळजेवणाला गेले होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, पाटाभोवती रांगोळी, सगळं कसं साग्रसंगीत! सून धारवाडकडची, कानडी घरातली. माहेरी सीमंत आधीच झालेलं. शेवटी झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या. तिनं एक उघडली, तर बर्फी! ‘अगंबाई, मुलगी!’ म्हणत बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, ‘धारवाडचा पेढा माहेरीच ठेवून आलीस वाटतं!’ तीही हसली, पण ते हसू ओठांपुरतंच होतं.

नंतर आत खोलीत ती हळूच म्हणाली, ‘काकू, रात्री दोन-दोन वाजता जाग येते. बाळ हलतंय का, ते बघत बसते.’ दोन वर्षांपूर्वी तिसऱ्याच महिन्यात तिचा गर्भ गेला होता. त्यावर घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. सासूबाई म्हणतात, ‘काळजी करू नको’, माहेरून अव्वा म्हणते, ‘हेदरब्याड’. दोन्ही भाषांत माया आहे, पण दोन्हीकडे बोलणं तिथंच संपतं.

मैत्रिणींनो, गरोदरपणात थोडी धाकधूक सगळ्यांनाच असते. पण काहीजणींच्या मनात ती घर करून बसते, आणि ‘हिचा स्वभावच भित्रा’ एवढ्यावर ते सोडून देता येत नाही. आधीचा गर्भ गेलेला असणं, मूल होण्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेले उपचार, बाळंतकळांची धास्ती, पूर्वीचा मानसिक त्रास, नवऱ्याशी बेबनाव, घरातला मारझोडीचा किंवा पैशाचा ताण, मुलगाच हवा हा न बोललेला हट्ट, ही त्यामागची नेहमीची कारणं. ज्यांना कुठलीही गोष्ट अनिश्चित असली की चैन पडत नाही, त्यांना तर हे नऊ महिने फारच जड जातात.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. सुभद्रेच्या पोटात अभिमन्यू सगळं ऐकत होता, म्हणून तू सदा आनंदी राहा, वाईट विचार आणू नकोस, असं प्रत्येकजण सांगतो. मग पोरीला आधी भीती वाटते, आणि भीती वाटली म्हणून बाळाचं नुकसान होईल ही दुसरी भीती! खरं म्हणजे एखाद्या रात्रीच्या रडण्यानं बाळाला काही होत नाही. महिनोन् महिने टिकणारी तीव्र चिंता मात्र अंगावर काढू नये. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण आणि बाळाचं कमी वजन यांच्याशी तिचा संबंध दिसून आला आहे.

तिच्या मनात आणखी एक सल होता. ‘तेव्हा मी पाण्याची घागर उचलली होती, म्हणून तसं झालं का?’ पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जाण्यामागे बहुतेक वेळा गुणसूत्रांतला दोष असतो, रोजचं घरकाम नव्हे. एकदा असं झालेल्या बहुतेक जणींना पुढे निरोगी मूल होतं. आणि मुलगा की मुलगी हे तर पित्याच्या बीजावरून ठरतं. हे दोन वर्षांत तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण तिनं विचारलं नव्हतं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात शंभरातल्या सुमारे 10 गरोदर स्त्रियांना मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा, त्रास होतो. विकसनशील देशांत हे प्रमाण 15.6 टक्के आहे. म्हणजे ही काही एकटीदुकटीची गोष्ट नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, छातीत धडधडू लागलं, जेवण जाईना, तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रक्त कमी असणं किंवा थायरॉईडचा दोष यांनीही धडधडतं, त्यामुळे तीही तपासणी होईल. आधीपासून मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर परस्पर बंद करू नका. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून न थांबता लगेच दवाखाना गाठा. जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी मदत घ्या. 2022 मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. तिथं कन्नडमध्येही बोलता येतं, मराठीतही.

आणि घरच्यांनो, ‘काळजी करू नको’ म्हणण्याआधी ‘कशाची भीती वाटते, सांग’ एवढं विचारा. अव्वाला विचारायचं असेल, तर ‘एनातव्वा, हेळ’ म्हणावं. मग मध्ये न बोलता ऐकून घ्या. त्या दिवशी मीही फारसं काही केलं नाही, अर्धा तास तिच्याजवळ बसले. निघताना ती म्हणाली, ‘पुढच्या तपासणीला यांनाही आत घेऊन जाते. दोघं मिळून विचारतो.’

पेढ्या-बर्फीच्या वाट्या पुढे करताना एवढा एक प्रश्नही पुढे करूया.