तोतयांचे लोकमत

पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे ‘मीच तो भाऊ’ म्हणत एक तोतया उभा राहिला. कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले, आणि १७७६ साली पुण्यास त्याचा निकाल लागेपर्यंत पेशवाईला स्वस्थता लाभली नाही. त्या तोतयाला एकाच माणसाचे सोंग वठविण्यात जन्म खर्ची घालावा लागला. आजच्या तोतयाचे काम त्याहून फार सोपे झाले आहे. एका खोलीत बसून तो सकाळी शेतकरी होतो, दुपारी प्राध्यापक आणि सायंकाळी गृहिणी. आणि हे तिघेही एकमेकांच्या म्हणण्याला माना डोलावतात. वाचणाऱ्या भाबड्या जिवाला वाटते, सारा गाव बोलतो आहे!

समाजमाध्यमांवरील बनावट खात्यांचा हा रोग आता किरकोळ राहिलेला नाही. अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर २०२० साली आपल्या बदनामीसाठी ८० हजारांहून अधिक बनावट खाती वापरली गेल्याचे मुंबई पोलिसांनी सांगितले. पोलीस त्या प्रकरणी स्वतःच पक्षकार होते, हे ध्यानी घेऊन तो आकडा बेताने घ्यावा. पण २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर फेसबुकनेच खोट्या ओळखीच्या संगनमताबद्दल शेकडो पाने व खाती काढून टाकली. त्यांत काँग्रेसच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाशी संबंधित व्यक्तींची ६८७ होती, तशी भाजपची भलावण करणारीही होती. तेव्हा एका पक्षाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही.

आमच्या जिल्ह्यासही या खोटेपणाची झळ लागली आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात, ब्रह्मपुरी येथे वाघाने माणसावर झडप घातल्याचे चलचित्र देशभर फिरले. ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेले असल्याचे वन विभागाला जाहीर करावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात खरोखरच प्राणास मुकल्या होत्या. ज्या मुलखात असा हंबरडा खरा असतो, तेथे खोट्या हंबरड्याचा बाजार मांडणे हा निव्वळ खोडसाळपणा नव्हे. उद्या खरी आई आक्रोश करू लागली, तर ‘हेही बनावटच असेल’ म्हणून लोक पाठ फिरवतील. खोट्याने खऱ्याची पत जाते, हा यातील सर्वांत मोठा अनर्थ होय.

यावर कोणी म्हणेल, खऱ्या नावावाचून कोणास बोलूच देऊ नये. हा उपाय आम्हांला मान्य नाही. गडचिरोलीच्या जंगलात, बंदुकीच्या धाकाखाली पिढी काढलेल्या गावकऱ्यास, किंवा साहेबाचा भ्रष्टाचार उघड करणाऱ्या कारकुनास नाव झाकण्याची गरज असते. सरकारच्या हाती मोघम अधिकार दिले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. फेसबुकवरील मजकुरापायी २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, आणि तसल्या अटकांना वाट देणारे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. तोतयेगिरीने फसवणूक करणाऱ्यास शिक्षा देणारे ६६ ड हे कलम मात्र आजही कायम आहे. ते चालविण्याची धमक हवी.

नाव झाकणे आणि तोंडे वाढविणे यांतील भेद आमच्या आयाबहिणींना चांगला ठाऊक आहे. दारूचे दुकान बंद करावयाचे तर मागणीदारांच्या सह्या आधी पडताळल्या जातात. मग गुप्त मतदानात बाई उभ्या वा आडव्या बाटलीवर शिक्का मारते. तिचे मत कोणते, हे कोणास कळत नाही. पण ती त्याच गावची आहे आणि तिचे मत एकच आहे, याविषयी कोणास शंका नसते. समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी नेमकी हीच व्यवस्था करावी. वापरणाऱ्यास स्वेच्छेने ओळख पटविण्याची सोय द्यावी, असे २०२१ चे केंद्रीय नियम मोठ्या कंपन्यांना सांगतात. नाव गुप्त ठेवूनही ‘यामागे एक खरा माणूस आहे’ एवढी खूण खात्यावर देता येईल.

चंद्रपूरची दारूबंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली; दोन्ही वेळी ग्वाही लोकमताचीच दिली गेली. पुढेही खाणी, वाघ आणि जंगल यांविषयी असे प्रश्न येणारच. ते सोडविताना मंत्र्यांनी व अधिकाऱ्यांनी पडद्यावरील गलका मोजू नये. ग्रामसभेत जावे आणि समोर बसलेल्या माणसाचे ऐकावे. आणि सुशिक्षित वाचकाने आलेला मजकूर पुढे धाडण्यापूर्वी एकच विचारावे : हे बोलणारा कोण, आणि तो खरोखर आहे काय? उत्तर मिळत नसेल, तर तो मजकूर आपल्यापाशीच थांबवावा. तोतयाच्या मागे चालणारे नसते, तर एवढे किल्ले त्याला मिळाले नसते.