औषधाच्या दुकानाचे पैसे कापले, तर खर्च कुठे जातो?

तुमच्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे इंग्लंडमध्ये आहेत, म्हणून हा विषय. तिथे गल्लीतल्या औषधाच्या दुकानाला एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, पैसे देते. फक्त गोळ्या देण्याचे नव्हे. फार्मासिस्टने प्रिस्क्रिप्शन तपासावे, किरकोळ तक्रारींवर सल्ला द्यावा, हेही त्यात येते. बहुतेक वेळा अपॉइंटमेंट लागत नाही.

2015-16 मध्ये यासाठी 280 कोटी पौंड होते. डिसेंबर 2016 पासून कपात सुरू झाली आणि 2017-18 मध्ये रक्कम 259.2 कोटींवर आली. 2019 च्या पाच वर्षांच्या करारात हाच वार्षिक आकडा कायम ठेवला. मधल्या काळात पगार, भाडे, वीज सगळे महागले. म्हणजे कपात दरवर्षी वाढतच गेली. अनेक दुकाने बंद झाली.

सरकारचा मुद्दा अगदीच निराधार नव्हता. त्यांच्या मते 40 टक्के दुकानांपासून दहा मिनिटे चालल्यावर आणखी किमान दोन दुकाने सापडत. म्हणून दुसऱ्या दुकानापासून मैलभर किंवा जास्त दूर असलेल्यांसाठी खास मदत ठेवली. पण गरीब वस्त्यांत दुकाने जवळजवळ असतात आणि आजारही तिथेच जास्त असतात. नुसते अंतर मोजून गरज कळत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: ही बचत फसवी आहे. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणारे आजोबा गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन मागतात. ओळखीचा फार्मासिस्ट त्यांना थांबवतो. टळलेला रक्तस्राव कुठल्याच हिशेबात दिसत नाही. झालेला मात्र हॉस्पिटलच्या बिलात दिसतो.

जानेवारी 2024 मध्ये घसादुखी, कानदुखी, नागीण यांसारख्या सात आजारांवर दुकानातच उपचार देण्याची योजना आली, त्यासाठी वेगळे पैसेही दिले. योजना चांगली आहे, पण बंद पडलेल्या दुकानात ती कोण राबवणार?

इंग्लंडला जाताना आपल्या सर्व औषधांची यादी, औषधांच्या मूळ नावांसह, जवळ ठेवा आणि तिथे कोणतीही गोळी विकत घेण्याआधी ती फार्मासिस्टला दाखवा. ही सवय इथेही लावून घ्या. स्वस्त औषध कुठेही मिळेल, पण ते तुम्हाला चालेल का, हे विचारायला समोर जाणकार माणूस हवा.