कोळिष्टकातील संसार

हिंजवडीच्या उंच इमारतींतील एखाद्या सज्जात जास्वंदीची कुंडी फुलली, की शिंजीर तेथे येऊन जातो. चिमणीहून लहान, जेमतेम १० सेंटिमीटर लांबीचा, बाकदार चोचीचा हा पक्षी. पुष्कळांना तो हमिंगबर्ड वाटतो. परंतु हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांतच आढळतात. शिंजीर बहुधा डहाळीवर बसूनच मध घेतो.

पुणे परिसरात त्याच्या दोन जाती सहज दिसतात. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात दुरून काळा दिसतो, उन्हात मात्र निळा-जांभळा चकाकतो. एरवी त्याच्या पिवळ्या पोटावर गळ्यापासून उतरणारी एकच काळी पट्टी असते. जांभळ्या पुठ्ठ्याच्या शिंजिराच्या नराची पाठ तांबूस-तपकिरी असते. माद्या फिकट; मात्र या दुसऱ्या जातीच्या मादीचा गळा करडा-पांढरा असतो.

पक्ष्याहून त्याचे घरटे ओळखणे अधिक अगत्याचे आहे. गवत, सालींचे तुकडे व कोळ्याची जाळी यांची मादीने विणलेली ही लोंबती पिशवी कधी सज्जातील तारेवरही असते आणि अगदी केरासारखी दिसते. झाडलोटीत कुंचा फिरला, की आतील बहुधा दोन अंडी क्षणात नाहीशी होतात. म्हणून असे कोळिष्टक दिसताच हात थांबवावा. बाजूचे लहानसे दार व त्यावरील पागोळीसारखा छज्जा शोधावा. तो दिसल्यास सुमारे महिनाभर ती तार मोकळी सोडावी. एवढ्या जीवदयेत पिले उडून जातात.