अर्जातले ‘त्यामुळे’ आणि ‘सबब’



गेल्या वर्षी आमच्या वस्तीतली एक मुलगी अर्ज दाखवायला घरी आली. बारावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत टळली होती. वर्ष वाया जाण्याची वेळ. तिने लिहिले होते : ‘मी फॉर्म भरला नाही. वडील दवाखान्यात होते. पैसे नव्हते. माझी हजेरी पूर्ण आहे. फॉर्म घ्यावा.’

यात खोटे काहीच नव्हते. पण मी स्वतः कारकून आहे. टेबलावर अर्जांची चळत असते. वाचणारा पहिली ओळ वाचतो आणि शेवटी मागणी काय ते बघतो. इथे पहिल्याच ओळीत तिने स्वतःची चूक कबूल केलेली. कशामुळे काय घडले, ते मात्र वाचणाऱ्याने जुळवायचे. तो कशाला जुळवील?

आम्ही तोच मजकूर पुन्हा लिहिला : ‘माझे वडील १२ दिवस दवाखान्यात होते. त्यामुळे घरची मजुरी बुडाली आणि फीची रक्कम मुदतीत जमली नाही. आता मात्र रक्कम जवळ आहे. शिवाय माझी वर्षभराची हजेरी पूर्ण आहे. सबब, विलंब शुल्क घेऊन फॉर्म स्वीकारावा, ही विनंती.’

हकीकत तीच, फक्त सांधे जुळले. वाक्ये जोडणाऱ्या शब्दांना व्याकरणात उभयान्वयी अव्यये म्हणतात. नाव अवघड, काम सोपे. भर घालायची तर ‘आणि’, ‘शिवाय’. उलट बाजू सांगायची तर ‘पण’, ‘परंतु’. कारण द्यायचे तर ‘कारण’. परिणाम सांगायचा तर ‘म्हणून’. अट असेल तर ‘जर-तर’. ‘सबब’ हा मूळचा अरबी शब्द, अर्थ कारण. बोलण्यात ‘सबब सांगणे’ म्हणजे निमित्त काढणे. अर्जात मात्र त्याचा अर्थ ‘म्हणून’ असा होतो.

एक पथ्य पाळा. प्रत्येक वाक्याला जोडशब्द चिकटवू नका. आणि ‘त्यामुळे’च्या आधीचे कारण खरे असू द्या, कारण पुरावा तिथेच मागतात. त्या मुलीलाही एकच प्रश्न विचारला गेला : ‘दवाखान्याचा कागद आहे का?’ तो तिने जोडलेलाच होता. फॉर्म घेतला गेला.

आपल्या मुलांनी लिहिलेला अर्ज देण्यापूर्वी घरात मोठ्याने वाचून घ्या. ऐकणारी आजी जिथे ‘मग?’ किंवा ‘का बरं?’ म्हणेल, तिथेच एक शब्द राहिला आहे.